तारापूर अणुऊर्जा केंद्र

तारापूर अणुऊर्जा केंद्र : भारताचे पहिले व्यापारी अणुवीज केंद्र. महाराष्ट्राच्या पालघर जिल्ह्यात, मुंबईच्या उत्तरेस सुमारे १०० किमी.वर, अरबी समुद्राच्या काठी वसलेले. जवळचे रेल्वे स्थानक बोईसर. २८ ऑक्टोबर १९६९ रोजी येथे व्यापारी वीजनिर्मिती सुरू झाली. केंद्रात चार अणुभट्ट्या आहेत. पहिल्या दोन अमेरिकी बनावटीच्या, उकळत्या पाण्याच्या. तिसरी आणि चौथी भारतीय बनावटीच्या, जड पाण्याच्या. अणुशक्तीचा लाभ, अपघाताची धास्ती आणि अण्वस्त्रांशी असलेले तिचे नाते या तिन्ही गोष्टींचा इतिहास या एका आवारात सापडतो.

स्थापना : देशाच्या कोळसा खाणी पूर्वेकडे आणि कारखानदारी वाढत होती मुंबई-गुजरात पट्ट्यात. खाणीपासून दूरच्या अशा प्रदेशाला अणुवीज परवडेल, अशी अणुशास्त्रज्ञ होमी भाभा यांची मांडणी होती. १९६३ मध्ये अमेरिकेशी करार झाला. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने भट्ट्या दिल्या, बेक्टेलने बांधकाम केले, अमेरिकेने नाममात्र व्याजाने कर्ज दिले आणि समृद्ध युरेनियम पुरवण्याची हमीही दिली. त्या बदल्यात केंद्राची आंतरराष्ट्रीय तपासणी भारताने मान्य केली. भाभा १९६६ मध्ये विमान अपघातात गेले. केंद्र सुरू झालेले त्यांना पाहता आले नाही.

रचना व इंधन : पहिल्या दोन भट्ट्यांचे इंधन म्हणजे युरेनियम डाय-ऑक्साइडच्या वड्या. करंगळीच्या टोकाएवढ्या या वड्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या लांब, बारीक नळीत एकावर एक रचतात. अशा ३६ नळ्यांची एक जुडी आणि २८४ जुड्यांचा भट्टीचा गाभा. गाभ्यात पाणी उकळते आणि तीच वाफ थेट टर्बाइनकडे जाते. त्यामुळे भट्टी चालू असताना टर्बाइनच्या आसपासही किरणोत्सर्ग असतो. जड पाण्याच्या भट्टीत वाफेचे चक्र वेगळे ठेवलेले असल्याने ही अडचण येत नाही. प्रत्येकी २१० मेगावॉटच्या पहिल्या दोन भट्ट्यांची क्षमता जादा वाफ पुरवणाऱ्या दुय्यम वाफजनित्रांच्या गळक्या नळ्यांमुळे १९८०च्या दशकात १६० मेगावॉटवर आणावी लागली. ५४० मेगावॉटची चौथी भट्टी २००५ मध्ये आणि तेवढ्याच क्षमतेची तिसरी २००६ मध्ये व्यापारी तत्त्वावर चालू झाली. या दोन्ही भट्ट्यांची रचना आणि उभारणी देशी अभियंत्यांची असून त्यांना समृद्ध युरेनियम लागत नाही. १९७४च्या अणुचाचणीनंतर परदेशी पुरवठा तुटल्यावर हातावर हात ठेवून न बसता मिळवलेले हे यश मोठेच मानले पाहिजे.

वीज आणि बॉम्ब : निसर्गातील युरेनियमात सहज विखंडन पावणारे युरेनियम-२३५ अवघे ०.७ टक्के असते. तारापूरच्या इंधनात ते अडीच टक्क्यांच्या आसपास, तर बॉम्बसाठी ९० टक्क्यांच्या घरात लागते. म्हणून वीजकेंद्राच्या भट्टीचा अणुबॉम्बसारखा स्फोट होऊ शकत नाही. लोकांच्या मनातली ही भीती निराधार आहे. मात्र समृद्धीकरणाची यंत्रे दोन्हीकडे तीच असतात आणि युरेनियम चार-पाच टक्क्यांपर्यंत नेतानाच बॉम्बपर्यंतचे निम्म्याहून अधिक श्रम संपलेले असतात. दुसरी वाट प्लुटोनियमची. उरलेले युरेनियम-२३८ न्यूट्रॉन शोषते आणि त्याचे प्लुटोनियम होते. युरेनियमवर चालणाऱ्या प्रत्येक भट्टीत हे घडते. वापरलेल्या इंधनातून ते वेगळे काढले, की त्याचे इंधनही होऊ शकते आणि अस्त्रही. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर टाकलेल्या बॉम्बमध्ये सुमारे ६४ किलो युरेनियम होते. त्यातले प्रत्यक्षात विखंडन पावले ते एक किलोहून कमी. त्या वर्षाअखेरपर्यंत तेथील सुमारे १,४०,००० माणसे मेली असा अंदाज आहे. एक किलो युरेनियम-२३५ पूर्ण विखंडन पावले, तर सुमारे तीन हजार टन कोळशाइतकी उष्णता मिळते. दोन्ही ठिकाणी विखंडन एकच आहे. त्याचा उपयोग कशासाठी करायचा हे माणूस ठरवतो, आणि त्याने काय ठरवले हे बाहेरच्यांना तपासणीशिवाय कळत नाही.

१८ मे १९७४ रोजी भारताने पोखरण येथे अणुचाचणी केली. तिचे प्लुटोनियम तुर्भ्याच्या सायरस भट्टीतले होते. ती भट्टी कॅनडाने शांततेच्या संशोधनासाठी दिली होती आणि तिच्यातले जड पाणी अमेरिकेचे होते. तारापूरच्या इंधनाचा या चाचणीशी काही संबंध नव्हता, तरी झळ तारापूरलाच बसली. अमेरिकेने १९७८ मध्ये कायदा करून निर्यातीच्या अटी कडक केल्या आणि पुढे पुरवठा थांबला. १९८२ मध्ये फ्रान्सने इंधन देण्याचे मान्य केले. पुढे १९९०च्या दशकात चीन आणि २००१ मध्ये रशिया पुरवठादार झाला. मधल्या टंचाईत प्लुटोनियममिश्रित इंधनाच्या काही जुड्याही तारापूरच्या गाभ्यात घातल्या गेल्या. २००८ मध्ये अणुपुरवठादार देशांच्या गटाने भारताला सूट दिल्यावर ही ओढाताण संपली.

लाभ : कोळशाच्या विजेमागे दर युनिटला सुमारे ८२० ग्रॅम, तर अणुविजेमागे १२ ग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइडइतके उष्णतावर्धक वायू बाहेर पडतात, असे हवामान बदलविषयक आंतरशासकीय मंडळाचे २०१४चे मध्यम अंदाज आहेत, खाणकाम आणि बांधकाम त्यांत धरलेले आहे. हा फरक समजायला लांब जायला नको. तारापूरच्या उत्तरेला, चिकूच्या बागांसाठी प्रसिद्ध असलेल्या डहाणूत ५०० मेगावॉटचे औष्णिक केंद्र आहे. त्याची राख आणि धूर यांविरुद्ध तेथील बागायतदार आणि पर्यावरणवादी वर्षानुवर्षे न्यायालयात लढले. अणुभट्टीचा धूर नाही, राखेचे ढीग नाहीत आणि रात्र असो की पावसाळा, वीज सारखी मिळते. तरीही देशाच्या एकूण विजेत अणुविजेचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपासच राहिला आहे.

धोके : साखळी अभिक्रिया थांबवली तरी भट्टी लगेच थंड होत नाही. विखंडनातून निर्माण झालेली किरणोत्सर्गी द्रव्ये उष्णता देतच राहतात. बंद केल्या क्षणी ती पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के असते. पाणी खेळते राहिले नाही, तर गाभा वितळतो. ११ मार्च २०११ रोजी त्सुनामीने वीज गेल्यावर जपानमधील फुकुशिमात हेच झाले. तेथील पहिली भट्टीही जनरल इलेक्ट्रिकची, उकळत्या पाण्याचीच होती, म्हणून तारापूरच्या जुन्या भट्ट्यांची फेरतपासणी करण्यात आली. त्यांच्यात वीज नसतानाही काही तास उष्णता काढून नेणारी सोय आहे. हा किनारा त्सुनामीला अगदीच अनोळखी नाही : नोव्हेंबर १९४५ मधील मकरान भूकंपाच्या लाटा मुंबईपर्यंत पोहोचल्या होत्या.

रोजचा धोका मात्र कमी गाजावाजाचा आहे आणि तो कामगाराच्या वाट्याला येतो. सुरुवातीच्या दोन दशकांत तारापूरच्या दुरुस्तीकामांत कामगारांना मिळणारी किरणोत्सर्गाची एकत्रित मात्रा बरीच होती. आत थांबण्याची मुभा थोडा वेळच असल्याने एकाच कामाला अनेक माणसे, त्यांत हंगामी मजूरही, लावावी लागत. वापरलेल्या इंधनाचा प्रश्नही येथे फार काळ लोंबकळला. पुनःप्रक्रिया करायला अमेरिकेची संमती लागते की नाही यावर वाद राहिला आणि त्या जुड्या पाण्याच्या टाक्यांत साठत गेल्या. पुनःप्रक्रियेतून उरणारी अतिकिरणोत्सर्गी द्रव्ये काचेत गोठवून बंद करण्याचा प्रकल्प तारापुरात आहे. ती काच पिढ्यान्‌पिढ्या सांभाळावी लागते.

विस्थापन व देखरेख : तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवली गेली. पुनर्वसनातली घरे, शेतजमीन आणि नोकऱ्या यांवरून ग्रामस्थांना मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले. मासेमारीवर बंधने आली ती वेगळीच. रत्नागिरीतील जैतापूर प्रकल्पाला झालेल्या विरोधात ‘तारापूरवाल्यांचे काय झाले?’ हा प्रश्न होता तो उगीच नव्हे. सुरक्षेवर देखरेख करणारे अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ मध्ये स्थापन झाले. पण पुढची अनेक वर्षे ते अणुऊर्जा आयोगालाच उत्तरदायी होते. ज्यांच्या कामावर लक्ष ठेवायचे त्यांच्याच हाताखाली राहणे ही रचना सदोष होती, आणि महालेखापरीक्षकांनीही २०१२ मध्ये तिच्यावर बोट ठेवले.

सद्यःस्थिती : जगातील सर्वांत जुन्या वीजभट्ट्यांत गणल्या जाणाऱ्या पहिल्या दोन भट्ट्या मोठ्या दुरुस्तीसाठी २०२० मध्ये बंद करण्यात आल्या. या दोन्ही आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या तपासणीखाली आहेत. नागरी आणि लष्करी अणुकेंद्रे वेगळी करणाऱ्या २००६च्या विभाजन आराखड्यात भारताने नागरी वापराच्या म्हणून जाहीर केलेल्या १४ भट्ट्यांतही त्या आहेत. त्याच आवारातील तिसरी आणि चौथी भट्टी या यादीत नाहीत.