अष्टमीचा चंद्र मावळल्यावर

चंद्र मावळेपर्यंत थांबा. आज चैत्र शुद्ध अष्टमी, शके १५८५. इंग्रजी तारीख ५ एप्रिल १६६३. उद्या रामनवमी, आणि छावणीत रमजान चालू आहे. अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमाराला पश्चिमेला टेकतो. त्यानंतर कसबे पुण्यात उजेड राहील तो फक्त मशालींचा आणि चुलींचा.

तुमच्या ओळखीचं पुणं इथे शोधू नका. शनिवारवाडा बांधला जायला अजून जवळजवळ ७० वर्षं आहेत, वारांच्या नावाच्या बहुतेक पेठाही पुढच्या काळातल्या. नदी तीच आहे, नागझरी तीच आहे, कसब्याचा गणपती आहे. बाकी नजर पोचेल तिथवर तंबू, घोडे, हत्ती, उंट, बाजारबुणगे, आणि तापलेल्या धुळीला येणारा लिदीचा वास. शाहिस्तेखान १६६० च्या मे महिन्यात पुण्यात आला. त्याच वर्षी फिरंगोजी नरसाळ्यांनी चाकणचा भुईकोट सुमारे दोन महिने झुंजवला, आणि तो घेताना खानाची बरीच माणसं पडली. परत आल्यावर त्याने मुक्कामाला लाल महाल निवडला. औरंगजेबाचा हा सख्खा मामा, दख्खनचा सुभेदार. ज्याचा मुलूख तो उजाड करतो आहे, त्याच्याच घरात तो झोपतो.

तुम्ही शिवाजीराजांबरोबर आलेल्या ४०० जणांपैकी एक आहात. संध्याकाळी छावणीत शिरताना पहारेकऱ्यांनी हटकलं, तेव्हा उत्तर मिळालं, आम्ही बादशाही फौजेतलेच दक्षिणी शिपाई, आमच्या चौकीवर चाललोय. पहारेकऱ्यांना ते पटलं, कारण खानाच्या फौजेत मराठे खरोखरच होते. तीच भाषा, तसंच मुंडासं, तशीच तलवार. मोगल इतिहासकार खाफीखानाने ही हकिकत वेगळी लिहिली आहे. त्याच्या सांगण्याप्रमाणे काही जण लग्नाच्या वरातीचा परवाना काढून आत आले. कशीही आली असोत, माणसं आत आली ती नुसत्या थापेवर नव्हे, सगळ्यांसारखी दिसत होती म्हणून. परक्या फौजेत आपलीच माणसं किती होती, हे या रात्रीच्या गोष्टीत आपण फार भरभर ओलांडून जातो. तुम्ही मात्र आता त्यांच्याच शेजारी एका कोपऱ्यात पाठ टेकून बसला आहात, आणि रात्र चढते आहे.

पुढच्या अंधारात जो माणूस चालतो आहे त्याच्याकडे पाहा. शिवाजीराजे ३३ वर्षांचे आहेत. हा वाडा शहाजीराजांच्या जहागिरीत, जिजाऊ आणि हे पोर पुण्यात राहायला आले तेव्हा उभा राहिला. आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने त्याआधी पुणं जाळून उद्ध्वस्त केलं होतं. त्या ओसाड जमिनीवर जिजाऊंनी सोन्याचा फाळ लावलेला नांगर फिरवला, असं पुणं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलं आहे. या पडव्यांतून राजे लहानपणी धावले आहेत. वाड्याची मागची बाजू कुठे उतरते, मुदपाकखाना कुठे, तिथून आत जायची वाट कोणती, हे त्यांना कोणा हेराला विचारावं लागणार नाही. हेरांनी आणलेली बातमी एवढीच, की खानाने आत काय बदललं. तर मुदपाकखान्यातून आत जाणारं एक दार त्याने विटांनी चिणून टाकलं आहे.

माझ्या मते या रात्रीचा गाभा इथे आहे, त्या तलवारीच्या वारात नव्हे. मोगलांच्या फौजेशी उघड्या मैदानात लढण्याइतकं बळ स्वराज्यापाशी नव्हतं. फौजेच्या मधोमध झोपलेल्या एका माणसापर्यंत पोचायची वाट मात्र होती, आणि ती जगात एका माणसाला सगळ्यांत जास्त पाठ होती.

आता उठा. चंद्र गेला.

मुदपाकखान्यात काही आचारी जागे आहेत. पहाटेच्या सहेरीसाठी विस्तव पेटवताहेत, पाणी भरताहेत. त्यांना ओरडायला वेळ मिळत नाही. इथे क्षणभर थांबा, कारण पुढे थांबता येणार नाही. ही माणसं लढवय्ये नव्हती. त्यांच्या हातात पळ्या होत्या. पोवाड्यांत आणि देखाव्यांत त्यांना जागा मिळत नाही, पण या रात्रीची पहिली किंमत त्यांनी मोजली.

मग भिंत. विटा काढताना आवाज होतोच. पलीकडे झोपलेला एक नोकर उठतो, खानाला जाऊन सांगतो, आणि एवढ्याशा गोष्टीसाठी झोपमोड केली म्हणून शिव्या खाऊन परत येतो. भगदाड माणूस वाकून जाईल एवढं होतं. राजांचे विश्वासू साथीदार चिमणाजी बापूजी पहिले आत, त्यांच्यामागे राजे, त्यांच्यामागे तुम्ही. पण आत ओळखीचं घर नाही. खानाने जनानखान्यात कनातींमागे कनाती लावल्या आहेत, पडद्याआड पडदा. राजे तलवारीने कापड फाडत पुढे सरकतात. बायकांचा आक्रोश सुरू होतो. त्यांनीच खानाला उठवलं आहे.

समोरासमोर येणं झालं ते एवढंच. खान हत्याराला हात घालतो, आणि वार आधी पोचतो. त्याची बोटं तुटतात. तीन की एक, की अंगठा, याबाबत साधनं वेगवेगळं सांगतात. मराठी मनात तीन बोटं पक्की बसली आहेत. कोणीतरी शहाणी बाई त्याच क्षणी दिवे विझवते. तिचं नाव कुठल्याही बखरीत नाही, पण खानाचा जीव वाचला तो तिच्यामुळे आणि त्याला ओढून बाजूला नेणाऱ्या दासींमुळे.

दिवे गेल्यावर द्वंद्व संपतं, उरते ती नुसती कापाकापी. तुमच्यातले दोघे पाण्याच्या हौदात पडतात. अंधारात पात्याला बाई-पुरुष कळत नाही. खानाच्या काही बायका आणि दासी त्या रात्री मेल्या. परस्त्रीच्या बाबतीत इतका कडक असणारा राजा, आणि त्याच्याच माणसांच्या हातून अंधारात हे घडलं. महाराजांवरच्या प्रेमापोटीच मला वाटतं, की हे गाळून ही रात्र सांगू नये. ज्याला आपण इतकं मोठं मानतो, त्याची गोष्ट अर्धी सांगितली तर तो मोठा होत नाही.

बाहेर बाबाजी बापूजींची तुकडी पहारेकऱ्यांवर तुटून पडली आहे, पहारा असा करतात का, असं झोपलेल्यांना विचारत. कोणीतरी नगारखान्यात शिरून खानाच्याच नावाने नगारे वाजवायला लावतं. त्या गदारोळात कोणाचं कोणाला ऐकू जात नाही. खानाचा मुलगा अबुल फतेह बापासाठी धावत येतो, दोघा-तिघांना पाडतो आणि स्वतः पडतो. तेवढ्यात माघारीची खूण होते. तुम्ही ज्या वाटेने आलात तिने जात नाही; सरळ बाहेर पडता, छावणी अजून आपल्याच तंबूंत शत्रू शोधते आहे. पुढे म्हणे कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पोत बांधून पेटवले आणि मोगल त्या उजेडामागे धावले. ही हकिकत लोकांची आहे, आणि लोकांनी ती भाषेत कायमची ठेवून घेतली.

सकाळी मोगलांचा सरदार महाराजा जसवंतसिंह खानाच्या समाचाराला आला. सिंहगडाच्या वाटेवर दहा हजारांची फौज घेऊन तोच बसला होता. खान त्याला म्हणाला म्हणतात, शत्रू माझ्यावर चालून आला तेव्हा मला वाटलं, महाराजा आधीच लढून कामी आले असतील.

पण युद्ध एका रात्रीत फिरलं नाही, हेही बघून घ्या. पुढच्या जानेवारीत राजांनी सुरत लुटली हे खरं. पण १६६५ च्या जूनमध्ये पुरंदरचा तह करून मिर्झाराजे जयसिंहाला २३ किल्ले द्यावे लागले. बदललं ते वेगळंच. बादशहाचा मामाही आपल्या बिछान्यात सुरक्षित नाही, हे हिंदुस्थानभर कळलं. काश्मीरकडे निघालेल्या औरंगजेबाने बातमी ऐकून मामाची बंगालला बदली केली.

आता त्या तुटक्या बोटांच्या मागे पूर्वेला जा. इथे फजितीचा विषय असलेला हा माणूस ढाक्यात दुसराच कोणी आहे. मधली एक-दोन वर्षं सोडली तर १६६४ पासून १६८८ पर्यंत तो बंगालचा सुभेदार होता. १६६६ मध्ये त्याच्या फौजेने आराकानच्या राजाकडून चितगाव जिंकलं. लालबागच्या किल्ल्यात परीबीबीची कबर आहे. ती त्याची मुलगी मानतात. रुपयाला आठ मण तांदूळ मिळायचा तो शाहिस्तेखानाचा काळ, असं बंगाली माणूस आजही स्वस्ताईच्या आठवणीने म्हणतो. पुण्याच्या शाळेत शिकलेल्या कोणालाही हे पहिल्यांदा ऐकून धक्का बसतो. मला तो धक्का हवासा वाटतो. बंगालचा कारभार वीसहून अधिक वर्षं चालवण्याइतका कसलेला सुभेदार समोर होता, म्हणून तर त्या रात्रीची किंमत आहे. बावळट खानाला पळवण्यात कसलं आलंय शौर्य?

परत पुण्यात या, आजच्या. शिवाजी रस्त्यावरचा लाल महाल महापालिकेने १९८४ ते १९८८ या काळात बांधला, जुन्या जागेच्या एका भागावर. मूळ वाड्याचं काही उरलेलं नाही. तरी गणपतीत मंडळांच्या हलत्या देखाव्यांत खान दरवर्षी खिडकीकडे धावतो आणि तलवार खाली येते. जोतीराव फुल्यांनी १८६९ मध्ये शिवाजीराजांचा पोवाडा रचला, पंचवीसेक वर्षांनी टिळकांनी शिवजयंतीचा उत्सव उभा केला. त्याच राजाकडे दोघांनी दोन वाटांनी पाहिलं. आणि डिसेंबर २०१० मध्ये याच लाल महालाच्या आवारातून दादोजी कोंडदेवांचा पुतळा रात्रीच्या वेळी हलवला गेला, तेव्हा शहर ढवळून निघालं. राजाच्या बाजूला कोण उभं होतं, यावर आपण भांडलो. त्या भांडणात इतिहासाचे खरे प्रश्न होते, जातींची जुनी दुखणी होती, ते क्षुल्लक नव्हतं.

पण एवढ्या वर्षांत त्या घराविषयी कोणी भांडलं नाही. वाडा किती मोठा असेल, मुदपाकखाना कोणत्या अंगाला, चिणलेलं दार कुठे उघडत होतं, राजे कुठून आत शिरले, हे इथे येणाऱ्या मुलाला दाखवणारा एक साधा नकाशा हवा. साधनांतून जेवढं कळतं तेवढंच काढा, तर्क असेल तिथे तर्क म्हणून लिहा. सहलीला आलेली पोरं बोटं किती तुटली ते एका सुरात सांगतात. भिंत कोणती फोडली, हे त्यांना कोणी विचारलेलंच नाही.