पिस्तुलाचा नेम

कोल्हापूरची कीर्ति मुख्यतः तालमींतल्या तांबड्या मातीनें वाढविली. परंतु नेमबाजी ही विद्याहि त्या नगरांत चांगली रुजली आहे. तेजस्विनी सावंत यांनीं २०१० सालीं म्युनिक येथें रायफलीचें जगज्जेतेपद मिळविलें, आणि ता. २२ ऑगस्ट २०१८ रोजीं इंडोनेशियांतील पालेमबांग येथें राही सरनोबत यांनीं आशियाई क्रीडास्पर्धेंत २५ मीटर पिस्तूल या प्रकारांत सुवर्णपदक पटकाविलें. त्या स्पर्धेंत नेमबाजीचें वैयक्तिक सुवर्णपदक मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. सामना इतका निकराचा झाला कीं, थायलंडच्या स्पर्धकाशीं गुण समसमान होऊन जादा फेऱ्या घ्याव्या लागल्या. अशा प्रसंगीं साहजिकच प्रश्न उभा राहतो: नेम हत्याराचा कीं हाताचा? कारखान्यांतून निघालेलें पिस्तूल मुळांतच नेमकें असतें काय?

प्रारंभींच्या पिस्तुलाची नळी आंतून गुळगुळीत असे. गोळी नळीच्या तोंडांतून ठासावयाची, म्हणून ती नळीपेक्षां किंचित् लहान ठेवावी लागे. सुटतांना ती भिंतींवर आदळत जाई आणि शेवटचा धक्का ज्या बाजूस बसे तिच्या उलट दिशेस वळे. इसवी सन १५०० च्या सुमारास जर्मन प्रदेशांतील कारागिरांनीं नळीच्या आंत पेचदार चर पाडले. त्यामुळें गोळीस गिरकी मिळूं लागली. आणि फिरता भोवरा जसा कलत नाहीं, तशी गोळीहि आपला मार्ग सोडीनाशी झाली.

तरीहि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत उत्तम पिस्तूल म्हणजे कुशल कारागिराच्या हातचें काम असे. अमेरिकेंत सॅम्युअल कोल्ट यानें १८५५ सालीं हार्टफर्ड येथें मोठा कारखाना उभारला आणि यंत्रानें एकसारखे सुटे भाग काढण्याच्या रीतीस चालना दिली. मोडलेला भाग बदलणें त्यामुळें सोपें झालें. परंतु कोणताहि भाग कोणत्याहि पिस्तुलांत बसावयाचा, तर जोडांत थोडी फट ठेवणें प्राप्तच होतें. रणांगणावर ही फट गुण ठरे. धूळ व चिखल शिरला तरी हत्यार अडत नसे. जॉन ब्राउनिंग यानें योजिलेलें व अमेरिकन सैन्यानें १९११ सालीं स्वीकारलेलें ०.४५ इंची पिस्तूल याच गुणासाठीं नांवाजलें. त्यांत प्रत्येक बाराबरोबर नळी मागें सरून खालीं झुकते व पुन्हां जागेवर येऊन अडकते. ती जागा दर वेळीं केसभर जरी बदलली, तरी गोळ्या विखुरतात. कारण पुढची माशी व मागची खांच या दोन्ही नळीवर नसून वरच्या सरकत्या भागावर असतात.

येथें एक भेद ध्यानांत ठेवावयास हवा. सर्व गोळ्या एकाच ठिकाणीं, परंतु मध्यापासून दूर लागत असतील, तर खांच किंचित् सरकविल्यानें काम भागतें. त्या चोहोंकडे पांगत असतील, तर मात्र दोष नळीच्या बैठकींत, काडतुसांत किंवा हातांत शोधावा लागतो. त्यासाठीं जाणकार लोक पिस्तूल यांत्रिक पकडींत घट्ट बसवून बार काढतात. तेथें गोळ्या एकत्र पडल्या, तर दोष हाताचा. तेथेंहि पांगल्या, तर दोष हत्याराचा किंवा काडतुसांचा. ओहायो संस्थानांतील कॅम्प पेरी येथील राष्ट्रीय सामन्यांसाठीं सैन्याचे कारागीर कारखान्याचींच पिस्तुलें घेऊन नळीच्या तोंडाचें कडें घट्ट करीत, सरकता भाग सांगाड्याशीं हातानें जुळवीत आणि चापाची ओढ सफाईदार करीत. यंत्रानें सोडलेली फट अशा रीतीनें कारागीर मिटवीत.

रशियांत मिखाईल मार्गोलिन यानें दुसऱ्या महायुद्धानंतर निराळा मार्ग काढला. त्यानें ०.२२ इंची पिस्तुलाची नळी सांगाड्यास पक्की जखडली आणि खांचहि सरकत्या भागावर न ठेवतां स्थिर कमानीवर बसविली. हा मार्गोलिन तरुणपणींच अंध झालेला होता! पाहण्याच्या या साधनाची रचना त्यानें केवळ स्पर्शाच्या बळावर सिद्ध केली.

स्पर्धेच्या आधुनिक पिस्तुलांत यंत्रकाम अत्यंत काटेकोर असतें. तरी गणित निष्ठुरच आहे. माशी व खांच यांतील अंतर नियमानें २२ सेंटिमीटरांहून अधिक असूं शकत नाहीं. माशी खांचेंत एक मिलिमीटर चुकली, तर २५ मीटरांवर गोळी सुमारें ११ सेंटिमीटर दूर जाते. आणि संथ फेरींतील दहा गुणांचें वर्तुळ अवघें ५ सेंटिमीटर व्यासाचें! जलद फेरींत लक्ष्य तीनच सेकंद समोर असतें, आणि चापाची ओढ किमान एक किलोची असावी लागते. म्हणूनच लांकडी मूठ खेळाडूच्या तळहाताबरहुकूम घडवून घेतात.

राही सरनोबत यांनीं २०१३ सालीं कोरियांतील चांगवॉन येथें विश्वचषक स्पर्धेंत व २०१४ सालीं ग्लासगो येथें राष्ट्रकुल स्पर्धेंत सुवर्णपदकें मिळविलीं. पुढें कोपराच्या दुखापतीनें त्यांना खेळापासून दूर राहावें लागलें. ज्या हातावर सारी भिस्त, तोच दुबळा झाला. नंतर ऑलिंपिकमध्यें दोनदां कांस्यपदक मिळविलेल्या मुंखबयार दोर्जसुरेन यांच्या मार्गदर्शनाखालीं त्यांनीं पुन्हां सराव मांडला. पालेमबांगचें यश हें त्यानंतरचें. पिस्तुलाची फट कारागीर मिटवितो, परंतु हाताची फट रोजच्या मेहनतीनेंच मिटवावी लागते. तालमींत वाढलेल्या कोल्हापुरास हें नव्यानें सांगावयास नको.