मावळ म्हणजे मावळतीचं?

मावळात वाट विचारा. पूर्व-पश्चिम क्वचितच ऐकू येईल. ‘ओढ्याच्या पल्याड, वरच्या अंगाला, मावळतीच्या बाजूला’ एवढ्यावर भागतं. भागणारच. इंद्रायणी, आंद्रा, पवना या नद्या सह्याद्रीच्या माथ्याकडून निघून उगवतीला वाहतात. त्यामुळे खोऱ्यात पाण्याच्या वरच्या अंगाला जाणं म्हणजेच मावळतीला जाणं. लोणावळा वर, तळेगाव खाली. पाणी आणि सूर्य एकच खूण सांगत असताना होकायंत्र हवंय कुणाला!

मग मावळ हे नावही दिशेवरूनच पडलं असणार: सूर्य मावळतो तिकडचा मुलूख. पुण्यात उभं राहून पाहणाऱ्याला ही व्युत्पत्ती लगेच पटते. मलाही पटली होती. कार्ल्याच्या लेण्यानं ती मोडली.

तिथल्या चैत्यगृहात सातवाहन काळातला, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला एक दानलेख आहे. वलूरक, म्हणजे कार्ल्याच्या लेण्यांत राहणाऱ्या भिक्खूंना एक गाव दिल्याचा तो हुकूम. गावाचा पत्ता असा: मामाल आहारातलं, उत्तरेच्या वाटेवरचं करंजक. आहार म्हणजे तेव्हाचा जिल्हा. आजही नाणे मावळात करंजगाव आहे. आणि मामाल? मराठीनं दोन स्वरांमधल्या ‘म’चा ‘व’ केला, ‘ल’चा ‘ळ’ केला. त्याच लेखातल्या ‘गाम’चं आपण गाव केलं, फलचं फळ केलं; मामालचं मावळ झालं. सूर्याचा इथं काही संबंध नाही.

तरी लोकांचा कान चुकला असं मी म्हणणार नाही. आयतं नाव मिळालं, अर्थ त्यांनी भरला, आणि तो जमिनीला चपखल बसला. पुढे प्रत्येक खोऱ्याचं वेगळं मावळ झालं: आंदर मावळ, पवन मावळ, तिकडे भोरच्या बाजूला हिरडस मावळ. बारा मावळं म्हणतात ती हीच. त्यांतल्या माणसांना मावळे म्हणू लागले, ते शिवकाळानं घरोघरी पोचवलं.

2008च्या पुनर्रचनेत मावळ नावाचा लोकसभा मतदारसंघ झाला. त्यात पिंपरी-चिंचवड आलं आणि घाटाखालचे कर्जत, पनवेल, उरणही आले. उरणच्या मतदाराला मूळचं मावळ उगवतीला पडतं.