शीव दाखवणारा आणि सातबारा

जंगल वाचवा, पाणी वाचवा, गायरान वाचवा असे कोणी म्हटले की शिकलेली माणसे माना डोलावतात. आमच्या वस्तीत मात्र पहिला प्रश्न निघतो, 'आता कुणाला उठवणार?' हा प्रश्न अडाणीपणातून आलेला नाही. तो अनुभवातून आला आहे आणि या अनुभवालाही इतिहास आहे. तो नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांपुरता मांडून पाहावा, एवढाच माझा हेतू आहे.

दोन्ही जिल्हे शेजारी असले तरी त्यांच्या जमिनीची तऱ्हा वेगळी. नांदेडच्या उत्तरेला किनवट, माहूर हा सागवानी डोंगराळ मुलूख आहे आणि पैनगंगेच्या काठाने यवतमाळच्या हद्दीवर अभयारण्य आहे. लातूर जिल्हा १९८२ साली उस्मानाबादेतून वेगळा निघाला. तिथे जंगल जवळजवळ नाहीच, एक टक्कासुद्धा भरत नाही. म्हणून नांदेडच्या वरच्या अंगाला आपली गाठ वनखात्याशी पडते आणि लातुरात ती गायरानावर, म्हणजे तलाठी, तहसीलदार आणि गावचा पाटील या तिघांशी पडते. जमिनीला सरकारने लावलेली नावे निराळी, पण माणसाचे होते ते दोन्हीकडे सारखेच.

या नावांपासून सुरुवात करू. निजामाच्या महसुली दप्तरात जमिनीच्या जाती होत्या. कुणाच्या खात्यावर नाही ती खारीज खाता, लागवडीस नालायक ती परंपोक, जनावरांसाठी सोडलेली ती गायरान आणि वनखात्याने घेतली ती महसुरा, म्हणजे राखीव. हे वर्गीकरण करताना जमीन कोण वापरतो, हे पाहिले गेले नाही. ती कोणाच्या नावावर आहे, एवढेच पाहिले गेले. परंपोक म्हटलेल्या जागेत आपल्या लोकांची झोपडी होती, मेलेले जनावर ओढून नेण्याची वाट होती, प्रेते पुरण्याची जागा होती. कागदावर ती नालायक जमीन होती.

यातली विसंगती अशी की गावाची शीव ज्याला ठाऊक, तो महारच होता. शिवेचा तंटा पडला की महाराला पुढे घालून शीव चालायची रीत साऱ्या महाराष्ट्रात होती. कुठल्या ओढ्याशी हद्द वळते, कुठला दगड मूळचा आणि कुठला रातोरात सरकवलेला, हे तोच सांगे आणि त्याची साक्ष प्रमाण मानली जाई. पण मोजणीची साखळी आली, नकाशे झाले आणि साक्षीदाराची गरज संपली. शीव दाखवणाऱ्याच्या नावावर त्या शिवेच्या आत काहीच उरले नाही. आपल्या इतिहासकारांनी वतनाच्या अपमानाविषयी पुष्कळ लिहिले, आणि ते योग्यच झाले. मात्र वतनाबरोबर जमिनीचे जे ज्ञान होते, त्याचे पुढे काय झाले हे फारसे कोणी विचारले नाही.

आता जंगलाकडे वळू. किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. त्या जिल्ह्यात निजामाच्या वनखात्याने राखीव जंगलाच्या रेषा गावांच्या अगदी घरापर्यंत आणल्या होत्या. गोंड, कोलामांची शेते रेषेच्या आत गेली, वस्त्या उठवल्या गेल्या. १९४० साली कोमराम भीमूचा उठाव झाला, तो याच कारणाने. त्यानंतर सरकारने हैमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला तिथे पाठवले आणि काही गोंडांना पट्टे मिळाले. उठाव झाल्यावर चौकशी होते आणि चौकशी झाल्यावर थोडी जमीन मिळते, असा तो क्रम आहे.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९२७ चा भारतीय वन कायदा मराठवाड्याला लागू झाला. या कायद्यात राखीव वन, संरक्षित वन आणि ग्रामवन असे तीन प्रकार आहेत. राखीव वनात जे स्पष्ट मंजूर नाही ते सारे मना. संरक्षित वनात जे स्पष्ट मना नाही ते चालते. ग्रामवन म्हणजे सरकारने गावाकडे सोपवलेले जंगल. हा तिसरा प्रकार पुस्तकात राहिला, गावात क्वचितच आला. राखीव वन करण्यापूर्वी सरकारने जाहीरनामा काढायचा, निदान तीन महिन्यांची मुदत द्यायची आणि लोकांनी आपले हक्क वन जमाबंदी अधिकाऱ्याकडे मांडायचे. जो हक्क मांडला नाही तो संपला. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानेही अभयारण्यासाठी हीच पद्धत ठेवली, मुदत मात्र दोन महिन्यांची केली. कायदा वाचताना हे न्याय्य वाटते. पण जाहीरनामा कुठे लागतो? चावडीवर. चावडीवर बसून कागद वाचण्याची मुभा कुणाला होती, हे या अंकाच्या वाचकांना सांगायची गरज नाही. ज्याचा हक्क वहिवाटीचा, तोंडी आणि दुसऱ्याच्या मर्जीवर चालणारा, तो तीन महिन्यांत अर्ज कशाच्या जोरावर करणार? अशा रीतीने आपल्या लोकांचे हक्क कोणी हिरावून घेण्यापूर्वीच, न मांडल्यामुळे, कायदेशीरपणे संपले.

बाबासाहेबांनी हा प्रश्न फार आधी ओळखला होता. १९४२ च्या जुलैत नागपूरला शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या अधिवेशनात अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली आणि १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये बाबासाहेबांनी त्यासाठी सेटलमेंट कमिशनची योजना मांडली. सरकारच्या ताब्यातील लागवडीयोग्य पडीक जमीन या वसाहतींसाठी राखून ठेवावी, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे जमीन राखीव करण्याची कल्पना आपल्याला परकी नव्हती. जंगल सागवानासाठी राखता येते, कुरण जनावरांसाठी राखता येते, तर पडीक जमीन माणसासाठी का राखू नये, असा तो सरळ प्रश्न होता. घटना समितीने ती योजना घेतली नाही.

मग ती मागणी रस्त्यावर आली. १९५३ साली दादासाहेब गायकवाडांच्या पुढाकाराने मराठवाड्यात पडीक जमिनींसाठी सत्याग्रह झाला. १९५९ मध्ये रिपब्लिकन पक्षाने भूमिहीनांचा लढा उभारला आणि ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर तुरुंग भरले. आपल्या गावागावांत गायरानावर नांगर घातला गेला, तो या लढ्यांच्या बळावर. १९७८ च्या जुलैत विद्यापीठ नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटवला गेला. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीला पोचीराम कांबळेंना मारले गेले. ती आग केवळ एका नावासाठी लागली असे समजणाऱ्यांनी त्या काळातील गायरानांचा इतिहास पाहावा. कालपर्यंत सालगडी असलेला माणूस आज स्वतःच्या ज्वारीला राखण बसतो, हे ज्यांना खुपत होते त्यांना नामांतर हे निमित्त मिळाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ३१ मार्च १९७८ पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय निघाला. पुढे २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने ही मुदत १४ एप्रिल १९९० पर्यंत वाढवली. एकनाथ आवाडांच्या मानवी हक्क अभियानाने मराठवाड्यात या निर्णयाच्या आधारे वर्षानुवर्षे काम केले. तरीही कसणाऱ्यांतील पुष्कळांच्या हाती आजवर सातबारा आलेला नाही.

त्यांच्या हाती आहे ती दंडाची पावती. गाव नमुना १-ई ही अतिक्रमणाची नोंदवही. तलाठी त्यात नाव, क्षेत्र आणि पीक लिहितो, दंड बसतो, पावती मिळते. ही गुन्ह्याची नोंद आहे. आमच्या लोकांनी मात्र या पावत्या पत्र्याच्या पेटीत, प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपल्या आहेत. ज्या वर्षी तलाठ्याने नोंद घेतली नाही त्या वर्षी माणसे तहसिलीत जाऊन 'आमचे अतिक्रमण लिहून घ्या' म्हणून अर्ज करतात. आपण गुन्हेगार आहोत हे सरकारने लेखी मान्य करावे म्हणून झटणारा समाज दुसरा कुठला असेल, मला ठाऊक नाही. पण त्यात वेडेपणा नाही. त्या जमिनीशी आपले नाव जोडणारा सरकारी कागद तेवढाच आहे.

२८ जानेवारी २०११ ला जगपालसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला. गावातील धनदांडग्यांनी तळी आणि गायराने गिळली, हे न्यायालयाचे निरीक्षण चुकीचे नव्हते. भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारी अधिसूचनेने पट्टे दिले असतील तर ती बाब अपवाद धरावी, असेही त्या निकालात आहे. पण अपवादाला पट्टा लागतो, आणि आमच्याजवळ पावती आहे. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानांचा प्रश्न स्वतःहून हाती घेतला. तेव्हा राज्यात दोन लाखांहून अधिक अतिक्रमणे असल्याचा आकडा पुढे आला. त्या आकड्यात बंगला आणि झोपडी, ऊस आणि तूर एकाच मापाने मोजली आहेत. इकडे महसूल अधिनियमात कलम २२-अ घालून गायरानाचा दुसरा वापर मना केला, पण सार्वजनिक प्रकल्पांसाठी वाट मोकळी ठेवली. २०२३ पासून शेतीपंपांच्या सौर योजनेसाठी सरकारी जमिनी दिल्या जाऊ लागल्या, त्यांत गायरानेही आली. भूमिहीनाच्या ज्वारीसाठी जे कुरण पवित्र होते ते सौरपट्ट्यांसाठी पवित्र राहिले नाही.

'गावची जनावरे कुठे चरायची?' हा आक्षेप मात्र मी उडवून लावणार नाही. धनगराचा, गोपाळाचा, आमच्या आयाबायांच्या शेळ्यांचा प्रश्न खरा आहे. एका गरिबाचे कुरण दुसऱ्या गरिबाचे शेत होते तेव्हा तिसराच हसत असतो. आपल्या चळवळीने या माणसांशी बसून बोलायला हवे होते, ते पुरेसे झालेले नाही. पाण्याचेही तेच. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. माळरान उघडे पडले, ओढ्याचे उगम नांगरले गेले की मांजरा कोरडी पडणारच, आणि टँकरच्या रांगेत आमचीच बाई शेवटी उभी राहणार. म्हणून संरक्षण नको, असे मी म्हणत नाही. पाणलोट राखावा, डोंगरमाथा राखावा, पैनगंगेच्या जंगलात वाघ-अस्वलेही राहावीत. माझा प्रश्न रेषा आखण्याच्या वेळचा आहे. त्या वेळी कोण हजर असतो?

या प्रश्नाला २००६ च्या वनहक्क कायद्याने प्रथमच थोडे उत्तर दिले. ग्रामसभा हजर राहील, असे तो म्हणतो. आधी हक्क ठरवा, मग वन्यजीवांसाठी क्षेत्र राखा, असाही क्रम त्याने लावला. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. मात्र कायद्याने दावेदारांचे दोन वर्ग केले. अनुसूचित जमातीच्या माणसाने १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवायचा. इतर पारंपरिक वननिवासींनी तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा वास सिद्ध करायचा. बौद्ध, मातंग आणि किनवटकडचा बंजारा या दुसऱ्या वर्गात आले. बंजाऱ्याची गोष्ट तर विचित्रच. १९५६ ला किनवट आदिलाबादेतून निघून तेव्हाच्या मुंबई राज्यात आले. तेलंगणात लंबाडा पुढे १९७६ च्या कायद्याने अनुसूचित जमातीत गेला, महाराष्ट्रात भटक्या-विमुक्तांत राहिला. एकाच तांड्याच्या सोयऱ्यांत रेषेपलीकडच्याला एक पुरावा आणि अलीकडच्याला दुसरा.

७५ वर्षे मागे गेले की १९३० येते, म्हणजे फसली १३४०. सातव्या निजामाचा अंमल, दप्तर उर्दूत, आणि त्या दप्तरात आपल्या आजोबांचे नाव असण्याचे कारण नव्हते. दावे फेटाळले गेले यात नवल नाही. १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने फेटाळलेल्या दावेदारांना काढण्याचा आदेश दिला. देशातील लाखो कुटुंबे त्यात येत होती. २८ फेब्रुवारीला त्याच न्यायालयाने आदेश स्थगित केला. दावे कसे फेटाळले, हे तपासा असे राज्यांना सांगितले.

माझ्या वर्गात किनवट, हिमायतनगरकडची मुले असतात. फेटाळलेल्या दाव्याचा कागद घेऊन कोणी आले तर मी त्याला तीन गोष्टी सांगतो. पहिली, १९५४-५५ च्या खासरा पत्रकाची नक्कल काढ आणि शेरा वाच, कारण नाव खातेदाराच्या रकान्यात नसले तरी कधी शेऱ्यात सापडते. दुसरी, १-ई च्या साऱ्या नकला वर्षवार लाव. तिसरी, २००८ च्या नियमांतील १३ वा नियम वाच. त्यात दावेदाराखेरीज गावातील वृद्धांचे लेखी जबाब पुरावा म्हणून धरले आहेत. शीव दाखवणाऱ्याची साक्ष कायद्याने पुन्हा मान्य केली आहे. ती लवकर लिहून घ्यायला हवी. १९३० मधील वस्ती डोळ्यांनी पाहिलेली माणसे आता राहिलेली नाहीत. त्यांच्याकडून ऐकलेली माणसे आज ऐंशीच्या आसपास आहेत.