विषाणू सापडला, पण वीज त्यानंच घालवली का?

मंडळी, १२ ऑक्टोबर २०२० चा सोमवार आठवतो ना? सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, कल्याणपर्यंत वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. कळवा-पडघे या ४०० केव्हीच्या वाहिन्या बंद पडल्या होत्या. पडघे आपल्या आंबिवलीपासून फार लांब नाही.

१ मार्च २०२१ रोजी गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सायबर विभागाच्या अहवालाचा हवाला दिला: वीज मंडळाच्या संगणकांत १४ ट्रोजन हॉर्स शिरले असावेत, ८ जीबी बेहिशेबी डेटा परदेशी सर्व्हरवरून आला असावा. दुसऱ्याच दिवशी केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले, हा सायबर हल्ला नव्हे, मानवी चूक.

आम्ही तर्कशास्त्र शिकवणारे इथे थांबतो. प्रश्न दोन आहेत. विषाणू होता का? आणि वीज त्यानंच घालवली का? पहिल्याचं 'हो' म्हणजे दुसऱ्याचं 'हो' नव्हे.

घरचा संगणक मधेच बंद पडतो तेव्हाही हेच होतं. अँटिव्हायरस काहीतरी पकडतो, आपल्याला हायसं वाटतं, आणि तिकडे हार्ड डिस्क अखेरच्या घटका मोजत असते. म्हणून आधी फोटो-कागदपत्रांची प्रत काढावी. मग डिस्क काढून, पेन ड्राइव्हवरच्या दुसऱ्या सिस्टीमवर संगणक चालवून पाहावा. तरीही बंद पडला तर रॅम, पंखा, पॉवर सप्लाय तपासावेत. नीट चालला तर डिस्क, विंडोज आणि विषाणू हे संशयित उरतात.

भलताच आरोपी धरला, तर खरा बिघाड तसाच राहतो. मात्र निर्दोष ठरलेला विषाणूही घरात ठेवायचा नसतो!