शेतकी कॉलेजातले बायबल

जपानच्या होक्काइदो बेटावर साप्पोरो इथे ऑगस्ट १८७६ मध्ये सरकारी शेतकी कॉलेज उघडले. ते उभे करायला सरकारने मॅसॅच्युसेट्सच्या शेतकी कॉलेजचे अध्यक्ष विल्यम स्मिथ क्लार्क यांना वर्षभरासाठी बोलावले होते. गृहस्थ रसायनशास्त्रातले डॉक्टर, अमेरिकन यादवी युद्धातले कर्नल. पाद्री मात्र नव्हते. मुलांना नीतीचे धडे द्या, असे होक्काइदोचा कारभार पाहणाऱ्या कुरोदा कियोताका यांनी सांगितले. नीती शिकवायची तर बायबलावाचून शिकवता येणार नाही, असे क्लार्क यांनी उत्तर दिले. ख्रिस्ती धर्मबंदीचे सरकारी फलक खाली उतरून जेमतेम तीन वर्षे झाली होती, त्यामुळे कुरोदांनी बरेच आढेवेढे घेतले आणि अखेर काणाडोळा केला. मार्च १८७७ मध्ये क्लार्क यांनी येशूवरील श्रद्धेचा एक करारनामा लिहिला. पहिल्या तुकडीने त्यावर सह्या केल्या, पुढच्या तुकडीची भर पडून आकडा ३१ वर गेला. एप्रिलमध्ये क्लार्क घोड्यावर बसून निघून गेले. साप्पोरोतला मुक्काम अवघा आठ-नऊ महिन्यांचा. एवढ्या थोड्या काळात रुजलेले टिकले कसे, याचे श्रेय सहसा त्यांच्या भारदस्त व्यक्तिमत्त्वाला दिले जाते. मला ते पटत नाही. क्लार्क यांच्यामागे मिशन नव्हते आणि ते लवकर गेले, म्हणूनच त्यांनी रुजवलेले टिकले, असे पुरावा सांगतो.

यावर येणारा पहिला आक्षेप हलका नाही. मुले वसतिगृहात राहणारी, त्यांचा खर्च सरकार करणार, बदल्यात शिक्षणानंतर पाच वर्षे सरकारी नोकरीचे बंधन. अशा ठिकाणी खुद्द गुरूने पुढे केलेल्या कागदावरची सही स्वखुशीची कशी मानायची? दुसऱ्या तुकडीतले उचिमुरा कान्झो यांची साक्ष तर याहून कडक आहे. ते आले तेव्हा क्लार्क परतलेही होते. वरच्या वर्गातल्या मुलांनी इतका पिच्छा पुरवला की मनाविरुद्ध सही करावी लागली, असे त्यांनी १८९५ च्या आत्मकथनात लिहिले आहे. शेतीचे ज्ञान बायबलाशिवाय देता येत नव्हते असेही नाही. ओहायोहून आलेले एडविन डन याच बेटावर घोडे खच्ची करायला, गाईंची पैदास वाढवायला, लोणी-चीज करायला शिकवत होते आणि धर्मप्रसाराच्या भानगडीत पडत नव्हते. तेव्हा क्लार्क यांनी गुरुपदाचा फायदा घेतला, हे कबूल करूनच पुढे जायला हवे.

पण दबावाने मिळालेली सही दबाव सरला की विरते, आणि काहींच्या बाबतीत तसे झालेही. उरलेल्यांनी पुढे काय केले ते पाहावे. जून १८७८ मध्ये एका मेथडिस्ट मिशनऱ्याकडून बाप्तिस्मा घेतल्यावर उचिमुरा, नितोबे इनाझो, मियाबे किंगो वगैरे सात जणांनी वसतिगृहाच्या खोलीतच चर्च चालवले. पाळीपाळीने एकेक जण पाद्री होई, पिठाच्या पिंपावर निळी घोंगडी टाकली की व्यासपीठ तयार. पुढे घर घ्यायला मेथडिस्ट मिशनकडून पैसे घेतले. पण साप्पोरोत पंथापंथांची वेगळी चर्चे नकोत असे मुलांनी ठरवले, तेव्हा ते पैसे परत मागितले गेले. नुकत्याच नोकरीला लागलेल्या या पोरांनी पगारातून पोटाला चिमटा घेऊन १८८२ च्या अखेरीस कर्ज फेडले. क्लार्क यांनीही अमेरिकेहून मदत धाडली. मिशनच्या पगारावरचा शिक्षक असता, तर त्याने या फुटीला हातभार लावला असता का? कॉलेजात मिळालेली श्रद्धा शेतीच्या विद्येसारखीच घेतली गेली: शिकायची, मग आपल्या मातीत आपल्या खर्चाने करून पाहायची. उचिमुरांनी पुढे चर्चसंस्थाच नको म्हणणारा 'मुक्योकाई' पंथ काढला, त्याचे मूळ या कर्जफेडीत आहे.

दुसरा आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. हे कॉलेज ज्या जमिनीवर नांगर चालवायला माणसे घडवत होते, ती बेटाच्या मूळ रहिवासी ऐनू लोकांची होती. करारनाम्यावर सह्या करणारे बहुतेक सामुराई घरांतले. दारू-तंबाखूविषयी त्यांची सदसद्विवेकबुद्धी जेवढी जागी होती, तेवढी या प्रश्नावर दिसत नाही. नितोबे तर पुढे तैवानमध्ये साखर उद्योगाची घडी बसवून आले आणि तोक्योच्या विद्यापीठात वसाहतींचे धोरण शिकवू लागले. बायबल देणाऱ्यानेही ऐनूंच्या जमिनीबद्दल विचारले नव्हते. क्लार्क स्वतः होक्काइदोत वसाहत करणाऱ्या सरकारी खात्याचेच पगारी नोकर होते. शिकारीवर आणि मासेमारीवर जगणाऱ्या ऐनूंनाही शेतकरी बनवायचे, असे १८९९ च्या कायद्याने ठरले. तो कायदा रद्द व्हायला १९९७ साल उजाडले.