ज्यूदोच्या पट्ट्याची गांठ

मराठी आखाड्यांतील मल्ल लंगोट कसून उघड्या अंगानें लढतो. जपानी ज्यूदोंत पकड असते ती कापडावर. प्रतिपक्ष्याच्या अंगरख्याचा गळ्याजवळील काठ व बाही धरून त्याचा तोल ढळवावयाचा आणि त्याला पाठीवर पाडावयाचें, हें या विद्येचें मर्म होय. अंगरखा मोकळा सुटला तर पकड टिकत नाहीं. तो आवरून धरणें हें कमरेच्या पट्ट्याचें मूळचें काम. पदवीचा मान त्याला मागाहून मिळाला.

तो मान देणारे पुरुष म्हणजे ज्यूदोचे प्रवर्तक कानो जिगोरो. मेइजी राजवटींत सामुराईंचे अधिकार संपले, तशी जुजुत्सूची जुनी घराणींही ओसरूं लागलीं. अशा काळीं १८८२ सालीं कानो यांनीं टोकियोंतील एइशोजी मंदिरांत, बारा चटयांच्या जागेंत, आपली ‘कोदोकान’ संस्था सुरू केली. जुन्या घराण्यांत गुरु शिष्याला परवान्याचे लेख देत. ते घरांत राहत, अंगावर दिसत नसत. कानो यांनीं ‘दान’ नांवाच्या श्रेणी स्वीकारल्या. गो नामक बैठ्या खेळांत त्या पूर्वींपासून रूढ होत्या. १८८३ मध्यें सैगो शिरो व तोमिता त्सुनेजिरो या शिष्यांना पहिली श्रेणी मिळाली, आणि १८८६ च्या सुमारास श्रेणीधारक काळा पट्टा वापरूं लागले.

पांढरा पट्टा न धुतां वर्षानुवर्षें वापरल्यानें काळा होतो, ही कथा पुष्कळ ठिकाणीं ऐकूं येते. तिला आधार नाहीं. काळा रंग योग्यता ठरवून दिला जाई. पुढें वरिष्ठांसाठीं आणखी रंग आले: सहाव्या ते आठव्या श्रेणीला तांबडापांढरा, नवव्या व दहाव्या श्रेणीला तांबडा. १९२२ सालीं ओकिनावाचे फुनाकोशी गिचिन यांनीं टोकियोंत कराटेचें दर्शन घडविलें. १९२४ पासून त्यांनींही शिष्यांना काळे पट्टे दिले. पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा या पायऱ्या मात्र यूरोपांत फोफावल्या. १९३५ मध्यें पॅरिसला आलेल्या कावाइशी मिकोनोसुके यांचा त्यांत मोठा वांटा होता. दूरच्या श्रेणीची वाट पाहणाऱ्या विद्यार्थ्याला जवळचें कांहीं गांठल्याचें समाधान त्यामुळें मिळूं लागलें.

पट्टा बांधण्याची रीत मात्र सर्वांना एकच. पट्ट्याचा मध्य बेंबीखालीं टेकवून दोन्हीं टोकें पाठीमागें न्यावीं, तेथें एकमेकांवरून ओलांडून पुन्हां पुढें आणावीं. मग वरचें टोक दोन्हीं वेढ्यांच्या खालून वर काढून आवळावें आणि निरगांठ मारावी. गांठ बरोबर बसली, तर टोकें पट्ट्याच्या रेषेंत आडवीं व सारख्या लांबीचीं राहतात. दुसरा फेर उलट दिशेला गेला नाहीं तर गांठ तिरपी बसते आणि झटापटींत सुटते. आंतरराष्ट्रीय सामन्यांत प्रत्येक टोक वीस ते तीस सेंटिमीटर लोंबलें पाहिजे. पंचाच्या परवानगीवाचून पट्टा सोडणें वा बांधणें हा दोष गणला जातो.

रंगावरून मनुष्य किती शिकला हें दुसऱ्यांना कळतें. पण झटापटीच्या क्षणीं अंगरखा जागेवर राहतो तो गांठीमुळें. ती नवशिक्यानें मारली काय अन् तांबडा पट्टा ल्यालेल्या वृद्ध आचार्यानें मारली काय, चुकली तर दोघांचीही सारखीच सुटते.